कवठं कुठं पडावीत

एका जंगलात, मुलांनो, एक उतरता कातळ होता. साधासुधा नव्हे, पन्हळी पत्र्यासारखा. एक उंचवटा, एक खळगा, पुन्हा उंचवटा, पुन्हा खळगा. वर कड्यावर कवठाचं झाड होतं. उन्हाळ्यात वारा सुटला की कवठं कातळावर आदळायची आणि उसळून खालच्या माळावर पडायची.

त्याच माळावर झिपरी टिटवी अंडी घालायची. टिटवीचं घरटं ते काय! चार खडे गोळा करायचे आणि उघड्यावर बसायचं. दर उन्हाळ्यात तिची एक-दोन अंडी कवठांखाली फुटत. कवठं कुठं पडतात ते सात उन्हाळे तिने डोळ्यांत तेल घालून पाहिलं आणि आठव्या उन्हाळ्यात माळाच्या मधोमध चार अंडी घातली.

नेमकी त्याच वर्षी राजे गवा यांना प्रजेची काळजी वाटू लागली. राजांना अशी काळजी अधूनमधून वाटते. त्यांनी गणिताचार्य साळिंदर यांना विचारलं, "कवठं पडतात कुठं?"

आचार्य कातळ बघायला गेले नाहीत. बिळाच्या तोंडाशी बसून त्यांनी स्वतःचा एक काटा उपटला आणि मातीत एक रेघ ओढली. "हा कातळ. सपाट आहे असं मानू. कवठ जेवढं तिरकं येतं, तेवढंच तिरकं उसळतं. म्हणजे सगळी कवठं माळाच्या मधोमध. माळाच्या दोन्ही कडा सुरक्षित."

हेच त्यांनी राजसभेत सांगितलं आणि सभेने माना डोलावल्या. झिपरी मात्र पुढे आली.

"म्हाराज, कातळ सपाट न्हाई," ती म्हणाली. "मदी थोडी पडत्यात. ढीग लागत्यात ते दोन्ही कडंला."

"उंचवटे आणि खळगे यांची बेरीज किती? शून्य. म्हणजे सपाटच," आचार्य म्हणाले.

"बेरजेवर न्हाई आदळत कवठ, उतारावर आदळतं. माथ्यावर पडलं तर सरळ जातं. बाजूला पडलं तर बाजूला उडतं. पन्हळीचा सगळ्यात उभा भाग हाय ना, तिथं चार बोटं वर पडो न्हाईतर चार बोटं खाली, उतार तेवढाच. म्हनून समदी एकाच जागी जाऊन पडत्यात. त्याच्या पलीकडं एक बी जात न्हाई."

"हे कोणत्या गुरूंकडे शिकलीस?"

"गुरू कुठला, म्हाराज? अंडी फुटली."

"मग हा अनुभव झाला. सिद्धांत नव्हे," असं म्हणून आचार्यांनी काटा पुन्हा अंगात खोचला.

हुकूम निघाला की सर्व घरटी कडेला न्यावीत. बजावायला कोल्हे आले. त्यांनी चार अंडी उचलली, कडेला तीन पोचली. चौथ्याबद्दल कोल्ह्यांनी मनापासून दुःख व्यक्त केलं.

दोन दिवसांनी वारा सुटला. पहिल्याच झोतात कडेला कवठांचा मारा झाला आणि दोन अंडी फुटली. झिपरी ओरडली, रडली, आणि उरलेलं एक अंडं पायाने ढकलत पुन्हा मधोमध घेऊन गेली. तिथे ती त्याच्यावर ठाण मांडून बसली. आजूबाजूला चार-दोन कवठं पडली. ती हलली नाही. आठवड्याने पिल्लू बाहेर आलं.

मग राजे पाहणीला आले. बरोबर आचार्य. दोन्ही कडांना कवठांचे ढीग होते आणि मधे, बंदी असलेल्या जागेत, एक पिल्लू उड्या मारत होतं.

राजांनी आचार्यांकडे पाहिलं. आचार्यांनी ढिगांकडे पाहिलं.

"महाराज," आचार्य म्हणाले, "कवठांनी शिस्त मोडली आहे."

लगेच वानरांना कामाला लावलं. त्यांनी कडेची सगळी कवठं उचलून माळाच्या मधोमध रचली. टिटवीला आणि पिल्लाला त्यासाठी तिथून हाकलावं लागलं. संध्याकाळी राजांनी ढीग डोळे भरून पाहिला. सिद्धांत खरा ठरला म्हणून आचार्यांना शाल मिळाली, ती काट्यांत अडकून फाटली.

कडेला ढकललेलं पिल्लू आईच्या पंखाखालून म्हणालं, "आये, कातळ सपाट हाय का गं?"

वर झाड हलायला लागलं होतं.

"सपाट हाय म्हन, बाळा," झिपरी म्हणाली, "आन् पळ!"

तात्पर्य : मुलांनो, डोळ्यांनी पाहिलेलं कुणाला सांगू नये. सांगायचंच असेल तर आधी आचार्य व्हावं, आणि आचार्य झाल्यावर काही पाहू नये.