रंभाबाई शेतकरी असल्याचा पंचनामा

शेतकरी घामावरून नव्हे, दाखल्यावरून ओळखला जातो. पूर्वी टाचांच्या भेगा पाहत. पण भेगांवर शिक्का उमटत नाही, म्हणून ती पद्धत बंद पडली. शेतजमीन शेतकऱ्याकडेच राहावी, म्हणून ती दाखला नसलेल्याला विकता येत नाही. नियम फार चांगला. किन्हवलीपलीकडच्या एका वाडीत त्यामुळे आज एकोणीस शेतकरी आहेत. (सतरा फक्त रविवारी असतात.)

त्याच वाडीत रंभाबाई चाळीस वर्षं महिपतदादांच्या खाचरात भात लावत आल्या. दादांनी खाचर विकायला काढलं.

"रंभे, तुलाच देतो. पन आखाजीपतुर दाखला आन. मंग मी थांबाचा नाय."

पैसे जमले होते, शेतकरीपण जमत नव्हतं. माहेरच्या सातबाऱ्यावरचं नाव रंभाबाईंनी एका भाऊबीजेला सही करून भावाला सोडून दिलं होतं. (बदल्यात पातळ मिळालं. रंग गेला.) सासरच्या जमिनीवर सरकारी नोंदीत जंगल आहे. म्हणजे त्या इतकी वर्षं घनदाट अरण्यात नाचणी कापत होत्या आणि एकही झाड आडवं आलं नाही.

कचेरीतल्या साहेबांनी दयाळूपणे वाट काढली. शेजारच्या दोन दाखलेधारक शेतकऱ्यांनी पाहणी करून पंचनामा द्यावा. शेजारी होते टाइल्सचे व्यापारी दीपेशशेठ आणि योगशिक्षिका मनस्वीमॅडम. साहजिकच पाहणी रविवारी ठरली.

त्या सकाळी रंभाबाई दर चैत्रासारखा राब भाजत होत्या. पालापाचोळा, शेण, वर माती, नि खाली विस्तव. भाताचं रोप याच भाजलेल्या तुकड्यात पेरायचं. पंच धावत आले.

"आजी, जमीन जळतेय!"

"जाळाला लावलीच हाय. रोप पेराचा नाय का?"

"शेतकरी कधी शेत जाळेल का?"

"मंग तुमी कोन रे?"

दीपेशशेठनी खिशातून दाखला काढून दाखवला. लॅमिनेट केलेला होता.

पंचनामा असा: 'अर्जदार महिला शेतजमीन पेटवताना आढळली. पंचांनी पोहण्याच्या तलावातून अकरा बादल्या आणून आग विझवली. सबब अर्जदार शेतकरी नाही.' खाली दोन शेतकऱ्यांच्या सह्या. असा कागद डावलता येत नाही. साहेबांनी त्यावरून रंभाबाईंना शेतकरी नसल्याचं रीतसर उत्तर दिलं, शिक्क्यासह.

आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया) आली. महिपतदादा एक दिवस जास्त थांबले. "माजा काय इलाज नाय गो," म्हणाले, आणि खाचर दीपेशशेठना दिलं. आता तिथे 'निसर्गरम्य शेतघर प्लॉट' अशी पाटी आहे. फाटकावर चौकशीचा फोन घेऊन बसायला अनुभवी माणूस हवं होतं (दाखल्याची अट नाही), म्हणून शेठनी रंभाबाईंना ठेवलं.

परवा तुमचाच फोन आला होता.

"दाखला हाय का?" रंभाबाईंनी विचारलं.

"तो काढून घेऊ हो. तुम्ही कोण, तिथल्या शेतकरी का?"

रंभाबाईंनी जरा विचार केला.

"नाय," त्या म्हणाल्या. "मी शेतकरी नाय. तसा कागद हाय माज्याकं. तुमच्याकं कुठं हाय?"