हवालदारांची फोटो परेड

आमच्या गल्लीत सकाळी दहाला शिट्टी वाजते आणि पाच मुलं रांगेत उभी राहतात. त्यांतल्या एकाला अजून उभं राहता येत नाही, म्हणून तो रांगेत बसतो. समोर शेषराव हवालदार हात मागे बांधून नावं पुकारतात. मुलं "हजल थाब" म्हणतात. बसलेला गृहस्थ आपलं नाव आलं की चप्पल चाटायची थांबवून वर बघतो. त्याचीही हजेरी लागते.

हे दिग्रस आहे. इथे कापसाचा बाजार आहे, जिनिंगचा कारखाना आहे, पुसदला आणि यवतमाळला जाणाऱ्या एसट्या आहेत. लष्कराची छावणी जवळपास कुठेही नाही. ती फक्त माझ्या शेजारच्या घरात आहे, आणि भिंत एकच असल्यामुळे तिथला प्रत्येक हुकूम माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. माझी शाळा दुपारची, त्यामुळे सकाळच्या सगळ्या परेड माझ्याच नशिबी आहेत. आधी पाणी परेड, मग खिचडी परेड, मग नाक पुसायची परेड. प्रत्येक हुकमानंतर हवालदार विचारतात, "कोई शक?" अजून तरी कुणी शंका काढलेली नाही.

फौजी म्हटला की लोक लढाईच्या गोष्टी विचारतात. हवालदार फौजेत ड्रायव्हर होते आणि बरीच वर्षं त्यांनी छावणीतल्या मुलांची शाळेची बस चालवली. "दुश्मन म्हणाल तं मॅडम, एकदाही नाही दिसला," ते मला म्हणाले. "पण बसभर पोट्टे अन् त्यात दोघाले उलट्या, त्याच्यापुढं दुश्मन काय करते?"

निवृत्त होऊन ते गावी आले, आणि थोड्याच वर्षांत त्यांची बायको गेली. मग एका सकाळी ही छावणी सुरू झाली, तीही भांडणानं. समोरची प्रणिता सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचा नवरा अक्षय फौजेत, सीमेवर. सासूचे गुडघे कामातून गेलेले, ड्यूटीची वेळ झालेली, आणि ती आपल्या लेकीला, ओवीला कडेवर घेऊन फाटकात रडकुंडीला आली होती. हवालदार गेले आणि एक शब्द न बोलता त्यांनी ओवीला तिच्या कडेवरून उचललं आणि ते घरी चालू लागले. प्रणिता किंचाळली. अर्धी गल्ली धावत आली.

"कायले घाबरून राह्यली? यूनिटचा माणूस आहो मी," हवालदार म्हणाले.

"कोणत्या यूनिटचे?" कुणीतरी दरडावून विचारलं.

मग त्यांनी सगळ्यांना समजावलं. छावणीत कुणाचा नवरा सीमेवर गेला की शेजारीण न विचारता मूल उचलून नेते. विचारायचं म्हणजे परकेपणा दाखवायचा. "जवान सरहद्दीवर, बाई ड्यूटीवर, मंग लेकरू कोणाचं? यूनिटचं!" प्रणिताला हे कितपत पटलं कोण जाणे, पण तिची बस निघून जाणार होती.

हळूहळू आसपासच्या जवानांची आणखी चार मुलं आली. हवालदार एक पैसा घेत नाहीत. एकदा तहसिलातले एक बाबू आपला मुलगा घेऊन आले, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. "तुम्ही रोज संध्याकाळी घरी येता न? मंग याले कायची कमी आहे?"

पण छावणीची खरी शान म्हणजे फोटो परेड. भिंतीवर पाच बापांचे फोटो होते, सगळे वर्दीतले, छाती पुढे काढलेले. खिचडीनंतर हवालदार छडी फोटोवर ठेवून विचारायचे, "हा कोण?" ज्याचा बाप असेल त्यानं "बाबा!" म्हणून टाच जुळवायची आणि कडक सॅल्यूट ठोकायचा. बाप असतात तिथे फोन क्वचित लागतो. "पोट्टं बापाले इसरलं तं? म्हणून रोजची उजळणी," असं त्यांचं म्हणणं. ओवी या विषयात पहिली होती.

अक्षयची सुट्टी दोनदा मंजूर होऊन रद्द झाली होती. तो गेला तेव्हा ओवी रांगत होती. फोन लागला की तो हवालदारांना एकच गोष्ट विचारी, "काका, ओळखीन न ते मले?"

"झोपेतून उठवून इचार! माही गॅरंटी."

शेवटी हिवाळ्यात तो आला. एसटीतून उतरला तो आधी घरी न जाता थेट इकडेच. टी-शर्ट, पाठीवर बॅग. फाटकात गुडघ्यावर बसून त्यानं दोन्ही हात पसरले. ओवीनं त्याच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग टाचा जुळवल्या, "बाबा" म्हणाली आणि सॅल्यूट ठोकला.

जमलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. ओवी मात्र जागची हलली नाही. अक्षयचे हात तसेच पसरलेले. मग दुसरं काय करावं ते न सुचून त्यानंही सॅल्यूट केला. तोवर ओवी हवालदारांच्या मागे जाऊन त्यांच्या पॅन्टला बिलगली होती.

हवालदार हसले नाहीत. त्यांनी तिची मूठ सोडवली आणि अक्षयला म्हणाले, "तुही सुट्टी सरेपर्यंत हे पोट्टी इथं दिसली नाही पाह्यजे. आंघोळ तू घाल, जेवू तू घाल. वेणी वाकडी झाली तं होऊ दे. प्रणिता, तू मधात पडू नको. कोई शक?" त्याच दुपारी त्यांनी फोटो उतरवले. "ओळख शिकवली मॅडम," ते मला म्हणाले, "पण जवळ जायाचं शिकवाचं राह्यलं."

पुढचे दिवस ते विचित्र वागले. ओवी गल्लीत दिसली की घरात जाऊन दार लावून घ्यायचे, ती आपल्याकडे धावत येऊ नये म्हणून. आणि ती गेली की मला विचारायचे, "काय म्हणते थे?"

"प्रणिता खूश आहे," मी सांगितलं. "ओवी वाढलेलं सगळं खाते, बस म्हटलं की बसते. अगदी गुणाची झाली आहे म्हणे."

"रडत नाही?"

"मुळीच नाही."

त्यांनी चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

सुट्टी संपत आली होती. एका सकाळी कापसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली जिनिंगकडे निघाली होती. ओवीला त्या ढिगावर बसायचं होतं. अक्षय नाही म्हणाला. तिनं रस्त्यातच लोळण घेतली. अशी किंचाळली की ट्रॅक्टरवाल्यानं गाडी थांबवली. अक्षय उचलायला वाकला तर तिनं त्याला लाथा घातल्या, केस ओढले. "तूच बसव! बाबा, तूच!" असा एकच घोष. प्रणिता शरमेनं लाल झाली होती.

हवालदार दार उघडून ओट्यावर आले. "बापाले मारून राह्यली न?" त्यांनी मला विचारलं.

"दिसतंय की."

ते तिथेच खाली बसले. "माही वर्षा दारामागं उभी राहे," ते म्हणाले. वर्षा त्यांची मुलगी, नागपूरला असते. आली की वाकून नमस्कार करते, कधी आवाज चढवत नाही. आम्ही आपापल्या मुलींना तिचं उदाहरण देतो. "मी सुट्टीवर येवो, तं खाऊ देल्ला तं घे, नाही देल्ला तं चूप. दुसऱ्याचे पोट्टे बसमध्ये माह्या खांद्यावर चढत, अन् माहीनं आजवर मले एक गोष्ट नाही मांगतली, मॅडम. पाव्हण्याजवळ कोणी हट्ट करते काय?"

त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसतही नव्हते. समोर अक्षय हरला होता आणि ओवीला घेऊन कापसावर चढत होता.

हवालदारांनी खिशातून फोन काढला. "तिनं नाही मांगतलं तं मीच मांगतो," म्हणाले आणि नंबर लावला. "वर्षा, मी बोलून राह्यलो. नाही, तब्येत बरी आहे. मले करमत नाही वो एकट्याले. तू येतं काय?"

मग वर्षाचा चढलेला आवाज मी प्रथमच ऐकला. "मंग इतके दिवस काहून नाही सांगतलं? मी कोण आहो तुमची? बोला न आता!" ती ओरडतच होती, आणि हवालदार फोन कानापासून थोडा दूर धरून, मलाही ऐकू यावं अशा बेतानं, नुसते ऐकत बसले होते.