इंग्रजांचा खुनी आणि आमचा हॉल

मंडळी, आजवर मी खरं फार कमी बोललोय, पण हे खरं आहे. मी तीस वर्षं कोर्टात बेलिफ होतो आणि आरोपीच्या नुसत्या चपला बघून कलम सांगायचो!

असा माणूस स्वतःच्या हॉलमधून हाकलला गेला. का? तर उर्वीनं, म्हणजे आमच्या सूनबाईनं, टीव्हीवर विलायतेतल्या खुनाची मालिका लावली होती. एका कादंबरीवरून काढलेली. उर्वी, मुलगा हृषीकेश आणि आमची मालती रोज संध्याकाळी चहा घेऊन बसायचे. पहिल्याच दिवशी मी मधे फक्त तीन खटले सांगितले.

"बाबा, बाल्कनीत बसा की! वारं सुटलंय छान," उर्वी म्हणाली.

वारं! सोलापुरात! एप्रिलमध्ये! बाल्कनीतल्या लोखंडी खुर्चीवर पापड भाजून निघाला असता. माझं काय झालं ते विचारू नका.

हॉलमधली जागा परत मिळवायचीच, असं मी ठरवलं. वाचनालयातून त्या कादंबरीचं भाषांतर गुपचूप आणलं आणि टाकी बघायच्या निमित्तानं गच्चीवर जाऊन बसलो.

"अहो, पाणी गुरुवारी येणार. आज कोरड्या टाकीत काय बघताय?" मालतीनं विचारलं.

"तळ!"

तीन दिवसांत फडशा पाडला. खुनी डॉक्टर! पुस्तक लगेच परत केलं आणि ऐटीत हॉलमध्ये शिरलो. पडद्यावर डॉक्टर प्रेताची नाडी बघत होता.

"हाच तो! ही कोर्टातली नजर आहे!"

मी वाहवा ऐकायला थांबलो. उर्वीचा कप बशीवर आदळला. "बाबा! अजून पाच भाग राहिलेत हो!" डोळे पुसत ती उठूनच गेली.

आता निस्तरायला पाहिजे होतं. "थट्टा केली गं! डॉक्टर नव्हे, माळी!" दुसऱ्या दिवशी बाल्कनीतूनच ओरडलो, "पाद्री!" मग पोस्टमन, मग मावशी, मग खुद्द मेलेला माणूस! सगळेच खुनी केले की खरा कुणाला सापडतोय? माझं ताटही बाल्कनीत यायला लागलं.

शेवटच्या भागाला मी दारात उभा राहिलो. खुनी निघाली डॉक्टरची नर्स! नेमकं तिचंच नाव मी घेतलं नव्हतं!

"साफ चूक! पुस्तकात डॉक्टरच आहे. मी वाचलंय!"

"कुठं, बाबा?" हृषीकेश हसला.

"गच्चीवर!"

"आणि पुस्तक कुठंय?"

"परत केलं!"

"व्वा!" नवरा-बायको पोट धरून हसले. जन्मात एकदा खरं बोललो, तर ही दाद!

कप गोळा करता करता मालती म्हणाली, "डॉक्टरच आहे पुस्तकात. लग्नाआधीच वाचलंय मी."

हसू थांबलं. "आई! म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"मग? तुम्ही मजेत बघत होता की. कशाला बोलायचं?"

उर्वीनं तिला मिठीच मारली. तिच्या शब्दाला पुरावा नको, साक्ष नको!

"मला कधी सांगितलं नाहीस, तू पुस्तकं वाचायचीस ते?" मी विचारलं.

"चाळीस वर्षांत तुमचं बोलणं संपलं कधी?"

आता नवी मालिका लागलीय. तिघं ती मुलाच्या खोलीत बघतात, दार लावून. हॉल माझा झालाय. चार खुर्च्या आहेत. आलटून-पालटून बसतो.