सरासरीचे दात

माणसाला दात हवेत, याबद्दल समितीत दुमत नव्हते. दातांचे माप कोणत्या पद्धतीने घ्यावे, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी २००७ साली चंद्रपुरात ‘जबडा मापन अचूकता तुलना समिती’ नेमण्यात आली आणि तुलनेसाठी मूल गावाजवळच्या खेड्यातल्या देवाजीचा जबडा निवडण्यात आला.

देवाजी धान पिकवायचा. पण गाव त्याला ओळखायचे ते शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री होणाऱ्या नाटकातला खलनायक म्हणून. त्याचे ते गडगडाटी हसू ऐकून पोरे आयांच्या पदरात शिरत. दात गेले आणि ‘सत्यानाश करीन’ची नुसती फुंकर उरली. नाटक मंडळाने सांगून टाकले, पटाआधी दात आले तर भूमिका तुझी. म्हणून वरच्या जबड्यात समितीचे फुकटचे स्क्रू बसवून घ्यायला बिचारा एका पायावर तयार झाला.

स्क्रू हाडात झकास रुजले. आता त्यांच्यावर अख्खी कवळी पक्की करायची, तर माप हवे. तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवली, ते एक माप. स्क्रूंवर ठिपक्यांच्या टोप्या चढवून बाहेरून फोटो काढले, ते दुसरे. मसाला भरून साचा काढला आणि तो साचा यंत्राखाली ठेवला, ते तिसरे. तिन्हींत केसाएवढा फरक निघाला आणि तिन्ही यंत्रांचे साहेब एकमेकांशी बोलेनासे झाले.

अध्यक्ष गुणवंतराव मुरलेले अधिकारी. कुणालाही दुखवायचे नाही, हे त्यांचे ब्रीद. त्यांनी तिन्ही मापांची सरासरी काढली, त्या सरासरीचा नमुना जबडा ओतवला आणि त्यावर दात घडवून घेतले. नमुन्यावर ते असे चपखल बसले की समितीने टाळ्या वाजवल्या.

देवाजीच्या तोंडात मात्र ते बसेनात.

“साहेब, इकडून टेकते तं तिकडून उचलते,” तो कळवळला. “कोणत्यातरी एकाच मापाचे बनवा ना जी. कोणतंबी चालन मले.”

“एकाचे घेतले तर उरलेल्या दोघांवर अन्याय होईल,” गुणवंतराव म्हणाले. “ शिवाय नमुन्यावर दात तंतोतंत बसतात, हे तुम्हीही पाहिलेत. दोष तुमच्या तोंडात आहे.”

“काऊन जी?” देवाजीची बायको शकुबाई उसळली. “माप त्याच तोंडाचं घेतलं ना तुमी?”

“तेच सांगतोय, बाई. तीन वेळा मोजले आणि तिन्ही वेळा वेगळे भरले. अशा अस्थिर तोंडावर समितीने विश्वास कसा ठेवावा?”

अहवालात अचूकता शंभर टक्के नोंदवली गेली. दात नमुन्यासह काचेच्या पेटीत प्रदर्शनाला गेले, आणि देवाजी नुसते स्क्रू घेऊन गावी परतला.

मंडळाने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडले नाही. खलनायक दुसऱ्याला दिला आणि त्याच्यासाठी एक विनोदी म्हातारा नाटकात घुसडला. देवाजीने मात्र हट्टाने आपले जुनेच वाक्य जीव तोडून म्हटले. तोंडातून फुंकर निघाली, दिव्यांत स्क्रू चमकले आणि अख्खा मंडप हसून लोळला. आत जाऊन तो पडद्याआड ढसाढसा रडला, हे एकट्या शकुबाईने पाहिले.

पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे गुणवंतराव हसून हसून डोळे पुसत होते. पण त्यांना एकट्याला का बोल लावायचा? इथवर वाचताना आपण तरी दुसरे काय करत होतो?