सिस्टरबाईंचा आठवा कपकेक

सिस्टरबाईंच्या घरी कपकेक मरतो. मेला की थोड्या वेळानं पुन्हा जिवंतही होतो. हे वाचून तुमचा गोंधळ उडाला असेल, तर उडू द्या. मी नऊ वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतोय, शाळेत गणित शिकवतो, तरी माझा गोंधळ अजून पुरता मिटलेला नाही.

सिस्टरबाई म्हणजे आमच्या सिंदी रेल्वे या गावातल्या निवृत्त नर्स. खरं नाव सुमन, पण ते फक्त त्यांच्या आधार कार्डाला ठाऊक. गावातल्या निम्म्या दंडांना त्यांची सुई टोचून गेलेली आहे. लग्न केलं नाही. घरात एक टीव्ही, एक कुकर आणि त्या. भारताच्या महिला कबड्डी संघाचा सामना असला, की सकाळीच आमच्या दारावर थाप पडते. "मास्तर, चार वाजता येजा. लतालेही आणजा."

लता म्हणजे माझी बायको. तिला कबड्डी कळते. मला कपकेकसुद्धा कळत नाही.

एकदा मी विचारलं, "सिस्टरबाई, संघासाठी कपकेकच का?"

"मंग काय? पोरी तिकडं जीव तोडून खेळून राह्यल्या, आन् आपण इथं नुसतं पाहाचं?"

या उत्तराचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध, हे मी बराच वेळ शोधत होतो.

त्यांच्याकडे ओव्हन नाही. कुकरची शिटी आणि रिंग काढायची, तळाला मीठ पसरायचं आणि वर स्टीलच्या वाट्या ठेवायच्या. कुकरात वाट्या बसतात चार, म्हणून दोन घाणे. मग निळं क्रीम. त्यावर पांढऱ्या क्रीमनं खेळाडूंचे आकडे, आणि तेही नव्या कोऱ्या सिरिंजनं. सिरिंज हातात आली, की बाईंची जुनी सवय जागी होते. कपकेकला म्हणतात, "हलू नको माय, झालंच!" आणि तो खरंच हलत नाही.

सात कपकेक पाटावर मांडायचे. टीव्हीवर आपली एखादी खेळाडू बाद झाली, की तिचा कपकेक पाटावरून उचलून बाजूच्या ताटलीत. आपण समोरचीला बाद केलं, की ताटलीतला एक पुन्हा पाटावर. सामना संपेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. संपला की मात्र वाटप, आणि मग गल्लीत ज्याची त्याची जीभ निळी.

राहता राहिला आठवा. त्याला क्रीम नाही, आकडा नाही. तो कोरडाच डब्यात बसून असायचा आणि कोणाला मिळायचा नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरबाई तो चहाबरोबर एकट्याच खायच्या. लता म्हणायची, तो नैवेद्याचा. माझा हिशेब सरळ होता. चार दुणे आठ, खेळाडू सात, उरला एक. गणित सुटलं होतं, म्हणून मी खूश होतो.

मागच्या उन्हाळ्यातल्या एका सामन्यात घोटाळा झाला. त्या दिवशी मी शाळेतून परस्पर आलो होतो आणि पोटात कावळे ओरडत होते. चढाईला गेलेली आपली पाच नंबरची पोरगी पकडली गेली. तिचा कपकेक ताटलीत आला, नेमका माझ्यापुढे. भुकेच्या भरात मी नियम विसरलो; बाद झालेला खेळाडू म्हणजे कामातून गेलेला, असं त्या घटकेला वाटलं. मी तो उचलला आणि दोन घासांत संपवला.

तेवढ्यात आपल्या पोरींनी एक झकास पकड केली. लतानं टाळ्या वाजवल्या. सिस्टरबाईंचा हात ताटलीकडे गेला आणि तिथंच थांबला.

"पाच नंबर कुठं गेली जी?"

मी जीभ बाहेर काढून दाखवली. दुसरं काय करणार?

"काऊन खाल्ली?" बाई किंचाळल्याच. "तिची पाळी होती जित्ती व्हायची! आता कोणाले आत घेऊ मी?"

टीव्हीवर पाच नंबर ठणठणीत मैदानात परतली होती. तरी मला भारताची खेळाडू गिळल्यासारखं वाटत होतं. लता माझ्याकडे पाहायलाही तयार नव्हती. पाटावर एक जागा रिकामी, सामना चालूच.

मग सिस्टरबाई उठल्या आणि त्यांनी तो डबा आणला. आठवा कपकेक बाहेर काढला, त्याला निळं क्रीम लावलं आणि सिरिंज हातात घेतली. साधा पाचाचा आकडा, पण तो त्यांनी दोनदा पुसला आणि तिसऱ्यांदा काढला.

"राखीव आहे हे," त्या टीव्हीकडे बघतच बोलल्या. "शाळेत असतानी मी जिल्ह्याच्या संघात होती. सातजणी आत, मी आठवी. तीन वर्षं खेळाच्या तयारीनं पायाले पट्टी बांधून बाहेरच बसून राह्यली. कोणाच्या पायाले लागलंच नाई कधी. लागावं असं मनात ये, आन् मंग लाज वाटे. एकदाही कोणी हाक मारली नाई, मास्तर."

त्यांनी आठवा कपकेक पाटावर ठेवला. माझं चार दुणे आठ इतकं चुकलं असेल, असं मला नऊ वर्षांत वाटलं नव्हतं.

आपण दोन गुणांनी जिंकलो. बाकीचे सगळे वाटले गेले. आठवा त्यांनी तळहातावर घेऊन चारी बाजूंनी पाहिला. "खेळली बाई एकदाची," म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

पुढचा सामना महिन्याभरानं आला. पहिलीच खेळाडू बाद झाली, कपकेक ताटलीत आला आणि मी तो उचलून सरळ तोंडात टाकला. लतानं कपाळावर हात मारून घेतला. सिस्टरबाई ओरडतील म्हणून मी मान खाली घालून बसलो होतो.

"काय माणूस आहे जी हा," एवढंच म्हणून त्या डब्याकडे वळल्या.

मी घाईघाईनं निळं क्रीम पुढे सरकवलं. त्यांनी ते परत बाजूला ठेवलं आणि डब्याचं झाकण उघडलं. आतला आठवा कपकेक आधीच निळा होता. फक्त आकड्यापुरती जागा मोकळी सोडलेली होती.