अप्पांचं मशीन

"माझ्या अप्पांचं मशीन मी डोळे मिटून ओळखते!" असं कस्तुराने अख्ख्या चाळीला सांगून ठेवलं होतं. खरं म्हणजे तिने पिंपरीचा तो कारखाना फाटकाबाहेरूनच पाहिला होता. पण अकरा वर्षांच्या माणसालाही अब्रू असतेच की!

आणि हल्ली ती अब्रू पणाला लागली होती. वैशाखात अर्जुनरावांनी, म्हणजे तिच्या अप्पांनी, सुभद्राबाईंशी पाट लावला. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी प्रभावती आली, तीही अकराचीच. पहिल्या महिन्यात तिने कस्तुराची अर्धी सतरंजी घेतली, दुसऱ्यात अर्धा आरसा. आता ती अर्जुनरावांना "अप्पा" म्हणायला बघत होती! तिने तोंड उघडलं की कस्तुरा असे डोळे वटारायची, की बिचारी नुसतंच "अहो" म्हणून गप्प व्हायची. सतरंजी घे, आरसा घे, अप्पा मिळायचे नाहीत!

खंडेनवमीला कामगारांच्या घरच्यांना कारखाना खुला असायचा. यंत्रांना हार, हळदकुंकू, नारळ आणि मग कॅन्टीनमध्ये पुरीभाजी! अप्पा सकाळीच पुढे गेले होते. दोघी मुली शेजारणींबरोबर मागून निघाल्या. हार अर्थातच कस्तुराच्या हातात.

"कुठलं गं त्यांचं मशीन?" शेडच्या दारातच प्रभावतीने विचारलं.

कस्तुराने आत नजर टाकली. समोर पन्नास यंत्रं! पण दाराशीच ढोलासारखं एक मोठं धूड उभं होतं, ताज्या हिरव्या रंगाचं. अप्पांना शोभेल असं तेच!

"हे काय!" म्हणत तिने हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला.

मागच्या बायकांना वाटलं, पहिला मान याच यंत्राचा. रांगच लागली! फुलांचा ढीग, उदबत्त्यांचा धूर. तेवढ्यात मोठे साहेब आले. रांग पाहून त्यांनीही बूट काढले आणि डोळे मिटून हात जोडले!

"अगं बया!" कॅन्टीनच्या अंबुबाई धावत आल्या. "बटाटं सोलायचं यंत्र हाय त्ये! दुरुस्तीला आणलं व्हतं. आता भाजी कशी करू? पूजा झाल्यावर आज त्ये चालवायचं न्हाई!"

साहेब घाईघाईने बूट शोधू लागले. "कुणी केलं हे?"

कस्तुराने कुंकवाचा हात पाठीमागे लपवला. संपलं! आता प्रभावती चाळभर दवंडी पिटणार!

"मी," प्रभावती म्हणाली.

"नाही, मी!" कस्तुराच्या तोंडून निघून गेलं. तिचं तिलाच नवल वाटलं.

"कुणाच्या मुली या?"

पार कोपऱ्यात, शिलाई मशीनएवढ्या एका ड्रिलमागून अर्जुनरावांनी हळूच हात वर केला. "दोन्ही माझ्याच, साहेब."

शिक्षा अंबुबाईंनीच ठरवली. कॅन्टीनमागे तीन पोती बटाटे आणि दोघींच्या हातात सुऱ्या.

"खोटं कशाला बोललीस गं?" कस्तुराने विचारलं.

"तुझं तोंड बघवेना."

कस्तुराला एकदम भरून आलं. नाक पुसत ती म्हणाली, "बरं. अप्पा निम्मे तुझे. पण मग बटाटेही निम्मे!"

प्रभावतीने मान वर केली नाही. "अख्खे अप्पा दे. सगळे बटाटे मी सोलते."

कस्तुराने पोत्यांकडे पाहिलं. अजून अडीच उरली होती. खोटं कशाला सांगा, ती क्षणभर विचारात पडली!