आवाज वाढवायचं बटण

“अरे, एसीचा आवाज वाढवायचं बटण कुठलं?” मोठ्या बाईंनी पर्समधून रिमोट काढून काउंटरवर ठेवला.

छोटे शेठ एका मिक्सरचं खोकं चिकटपट्टीनं बंद करत होते. चाळिशी उलटली, कानशिलं पिकली, तरी ते छोटे शेठच होते, कारण मोठे शेठ म्हणजे त्यांचे वडील. मोठे शेठ जाऊन वर्ष होत आलं, पण चिरंजिवांना काही बढती मिळाली नव्हती. आणि मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या शाळेत शिकलेला माणूस कितीही मोठा झाला तरी त्यांच्यापुढे उभा राहिला की आपोआप हात मागे बांधतो. छोट्या शेठनीही बांधले, आणि चिकटपट्टी त्यांच्याच पाठीला चिकटली.

“कमी करायचाय ना, बाई? घरघर करतोय का? मिस्त्रींना पाठवतो लगेच.”

“घरघर कुठे म्हटलं मी? लहानपणापासून तू प्रश्न पुरता ऐकतच नाहीस. आवाज वाढवायचाय. मला यांचं बोलणं नीट ऐकू येत नाही.”

“यांचं म्हणजे?”

“यांचं म्हणजे यांचंच!” बाई चक्क लाजल्या. “रोज दिवेलागणीला बोलतात एसीतून. काल म्हणाले, ‘अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?’ मी म्हटलं, टीव्हीमागे बघा. तर लगेच, ‘हो की, सापडला!’ जिवंत असताना एका हाकेत कधी ऐकलं नाही रे माझं.”

बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. छोटे शेठ स्वतः त्यांच्या अंत्ययात्रेला गेले होते. त्यांनी एकदा रिमोटकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. दुकानात ओळीनं उभी असलेली वॉशिंग मशीन आपापली काचेची तोंडं वासून ऐकत होती. भिंतीवरच्या टीव्हींवर एकच मासा एकाच वेळी वळला. आणि मोठ्या शेठच्या रिकाम्या खुर्चीच्या वर भिंतीवर लावलेल्या एसीला बांधलेली लाल रिबीन हलली. तो एसी बंद होता. दारातून वारा आला असेल, असं छोट्या शेठनी स्वतःला सांगितलं. दार काचेचं होतं आणि लावलेलं होतं.

“काय काय बोलतात?” काउंटरच्या टोकाला बसलेल्या आईनं विचारलं. ती रिमोट पुसत होती, ते पुसणं थांबलं होतं.

“आई, तू मध्ये बोलू नकोस. बाई, मिस्त्री येऊन बघतील.”

बाईंची पाठ वळते न वळते तोच दातांचे डॉक्टर आले. त्यांनी आत येऊन दार लावलं, आईला नमस्कार केला आणि छोट्या शेठना फ्रिजच्या रांगेमागे ओढलं. डॉक्टर विधुर होते, भिडस्त होते, आणि दात काढताना रोग्यापेक्षा तेच जास्त कण्हायचे.

“एक विचारायचं होतं,” ते कुजबुजले. “गार हवा बंद ठेवून नुसतं बोलणं चालू राहील, असं काही करता येईल का?”

“कोणाचं बोलणं, डॉक्टर?”

“हिचं हो. एसीतून येते. पण तिला थंडी अजिबात सोसायची नाही. मी आपला गारव्यात लोळतोय आणि ती आत कुडकुडतेय, हे बरं नाही वाटत. काल चष्मासुद्धा तिनंच शोधून दिला.”

चष्म्याचं नाव निघालं तशी छोट्या शेठच्या डोक्यात ट्यूब पेटली. बाई आणि डॉक्टर एकाच मजल्यावर राहत होते, भिंतीला भिंत लावून. डॉक्टर गेल्यावर त्यांनी मिस्त्रींना मागच्या गोदामात बोलावून घेतलं. मोठ्या शेठच्या काळापासून दुकानातले सगळे एसी मिस्त्रीच बसवत.

“मिस्त्री, बाईंचा आणि डॉक्टरांचा एसी एकाच दिवशी बसवलात ना?”

“हो. शेजारीच तर राहतात.”

“भोकं किती पाडलीत?”

मिस्त्रींचा चेहरा दुखावला. “असं काय विचारता? एकच! मोठ्या शेठची शिकवण आहे आपल्याला. एक भोक म्हणजे भिंतीला एक जखम. दोघांच्या मधल्या भिंतीच्या टोकाला बाहेर काढलंय. इकडच्या नळ्या आणि तिकडच्या नळ्या, दोन्ही त्यातूनच. बघत राहाल असं काम झालंय.”

“आणि पुट्टी?”

इथे मिस्त्रींनी छताकडे पाहिलं. “पुट्टी त्या दिवशी संपली होती. कागदाचा बोळा घातलाय. म्हटलं, उद्या भरू.”

तो उद्या अजून उगवला नव्हता, आणि कागदाचा बोळा केव्हाच गळून पडला होता. म्हणजे डॉक्टर आपल्या खोलीत बायकोच्या फोटोशी बोलत होते, ते नळ्यांच्या फटीतून बाईंच्या एसीमागे उमटत होतं. बाई नवऱ्याला उत्तर देत होत्या, ते डॉक्टरांच्या एसीतून निघत होतं. दोन्हीकडचे दिवंगत बिचारे या प्रकरणात कुठेच नव्हते.

छोट्या शेठना हसू यायला हवं होतं, पण त्यांनी आधी गोदामाचं दार लावून घेतलं. भुताचे एसी विकणारं दुकान म्हणून एकदा बोभाटा झाला की दारात गिऱ्हाईक फिरकणार नाही. आणि मग बाजारातलं प्रत्येक जण म्हणेल, बापानं उभं केलं, पोरानं घालवलं. मोठ्या शेठना तीच तर धास्ती होती. आयुष्यभरात त्यांनी मुलाला एकदाही बरं म्हटलं नव्हतं. शेवटी दवाखान्यात त्यांनी मुलाचा हात धरून बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. आता तरी काहीतरी म्हणतील म्हणून छोटे शेठ श्वास रोखून वाकले. मोठे शेठ म्हणाले, “शटरला तेल घाल.” ते शेवटचं.

“उद्याच्या उद्या डॉक्टरांच्या नळ्यांना वेगळं भोक पाडायचं आणि जुनं दोन्हीकडून बुजवून टाकायचं,” छोट्या शेठनी हुकूम सोडला.

“दुसरं भोक?” मिस्त्रींनी कानाला हात लावले. “मोठ्या शेठना काय वाटेल?”

“ते कुठे बघायला येणारेत? आणि हे बघा, आईला यातलं अवाक्षर सांगायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सर्व्हिसिंगच्या नावाखाली दोघं शिडी घेऊन पोचले. डॉक्टर दवाखान्यात होते, किल्ली देऊन गेले होते. आधी खात्री करावी म्हणून मिस्त्री डॉक्टरांच्या खोलीत थांबले आणि छोटे शेठ बाईंच्या एसीखाली उभे राहिले. क्षणभरानं एसीतून खोल, घोगरा आवाज आला, “हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?” माहीत असूनही छोट्या शेठच्या मानेवर काटा आला.

स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या, “आज दुसरंच कोणीतरी आलंय वाटतं. बसा म्हणावं.”

मग मिस्त्रींनी डॉक्टरांच्या एसीच्या आड नवीन भोक पाडायला घेतलं. मोठ्या शेठचा नियम मोडताना त्यांनी डोळेच मिटून घेतले, आणि भोक वाकडं गेलं. पुट्टी भरायची वेळ आली तेव्हा तर ते शिडीवरून खालीच उतरले. “मला नाही जमणार. मागून कोणीतरी बघतंय असं वाटतंय.” शेवटी बाह्या सारून छोटे शेठच वर चढले. त्यांनी दोन्ही बाजूंनी पुट्टी दाबून दाबून भरली, अंगठ्यानं कडा सारख्या केल्या, वरून ओल्या फडक्याचा हात फिरवला. आपल्या हातानं असं एखादं काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. बाई दारात उभ्या राहून कौतुकानं पाहत होत्या, आणि त्यांचं एवढं मोठं सुख आपण लिंपून टाकतोय या विचारानं छोट्या शेठना त्यांच्याकडे वळून बघवेना.

परतताना मिस्त्रींनी कोणाला पत्ता लागू नये म्हणून नव्या भोकाची माती पिशवीत भरून नेली.

दोन-तीन दिवसांनी बाई दुकानात आल्या, त्या हसतच. छोट्या शेठनी हात मागे बांधून बोलणी खायची तयारी केली.

“शाबास रे! आता कसं खणखणीत ऐकू येतंय. आधी लांबून बोलल्यासारखे वाटायचे, आता अगदी शेजारी बसल्यासारखे. आणि सर्व्हिसिंग केल्यापासून नको ते विषयही बंद झाले. मध्ये मध्ये उगाच दाढांविषयी बोलायचे.”

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. ते रडत होते की हसत होते, ते कळत नव्हतं. “छोटे शेठ, ती मला ‘बोळकं’ म्हणाली हो! लग्नाच्या आधीपासून म्हणायची. मी दातांचा डॉक्टर ना, म्हणून. जगात दुसऱ्या कोणालाही हे माहीत नाही.”

छोटे शेठ मिस्त्रींना घेऊन धावत गेले. पुट्टी दगडासारखी वाळली होती. मिस्त्री पलीकडून घसा बसेपर्यंत ओरडले, इकडे चकार आवाज आला नाही. छोट्या शेठनी एसीला कान लावला, तर आत नुसता वारा वाहत होता.

“तुझ्याशी कशाला बोलतील ते?” बाई म्हणाल्या. “त्यांची तुझी ओळख ती किती!”

बोभाटा झालाच. फक्त छोट्या शेठना वाटलं होतं तसा नाही. दुकानात माणसं येऊ लागली, पण कोणी किती गार होतं किंवा वीज किती खातो ते विचारेना. एक जण बायकोला दिवंगत सासूबाईंचं बोलणं ऐकवायला घेऊन गेला आणि त्याच संध्याकाळी परत आला. “बोलतोय हो, पण सासरे बोलतायत. बंद कसा करायचा?” एका बाईंना असा एसी हवा होता, ज्यात सासूचा आवाज येणार नाही अशी गॅरंटी असेल. छोटे शेठ प्रत्येकाला हात जोडून सांगत, अहो, एसी बोलत नसतो. लोक डोळे मिचकावत आणि म्हणत, बरं बरं, तसलाच द्या. ऐन हंगामात माल कमी पडू लागला, आणि छोटे शेठ एकटे दुकानात थांबायला घाबरू लागले.

मग एके दिवशी दुपारी आई म्हणाली, “आपल्या घरी एक बसव.”

जन्मभर एसी विकलेल्या मोठ्या शेठनी घरात एसी लावू दिला नव्हता. गार हवेनं माणूस मऊ पडतो, असं त्यांचं मत होतं.

“आई, तूसुद्धा? अगं, तो सगळा भोकाचा घोळ होता.”

“मी भोकाबद्दल काही विचारलं का तुला? वर्ष झालं, घरात कोणी चूक काढत नाही माझी. भाजीत मीठ कमी पडलं तरी तुम्ही सगळे मुकाट्यानं जेवता. मला नाही सोसत.” तिनं रिमोट पुसायचं फडकं खाली ठेवलं. छोट्या शेठनी शोरूममधला सगळ्यात चांगला एसी उतरवायला सांगितला.

मिस्त्रींनी तो आईच्या खोलीत, बाहेरच्या भिंतीवर बसवला. भोक अर्थातच एक. पलीकडे शेजारी नाही, बिऱ्हाड नाही, वरचा मजला आणि बाहेर मोकळं आकाश. पुट्टी लगेच भरली. छोट्या शेठनी सगळं दोनदा तपासलं आणि मनाशी म्हटलं, आता काही ऐकू आलं नाही की आईची समजूत घालता येईल.

दिवेलागणीला आईनं खुर्ची ओढून एसीखाली घेतली, रिमोट दाबला आणि मान वर करून म्हणाली, “अहो.”

छोटे शेठ दारात उभे होते. एसीनं टुक केलं. झडप हळूच उघडली, गार वारा आला. बाकी काही नाही. त्यांना हायसं वाटलं आणि का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं.

“हं,” आई म्हणाली. “हं. बरं. विचारते.” ती मुलाकडे वळली. “ते म्हणतायत, डॉक्टरांच्या भिंतीला दुसरं भोक कोणी पाडलं?”

छोटे शेठ तसेच बाहेर आले आणि मिस्त्रींना फोन लावला. “आईला सांगितलंत तुम्ही?”

“गळ्याशपथ नाही, शेठ! बायकोलासुद्धा नाही सांगितलं. का? कोणी विचारलं?”

छोट्या शेठनी फोन ठेवला. पळून जावं असं वाटत होतं आणि पाय मात्र खोलीकडेच वळत होते. आत आई नाक मुरडून, हातवारे करून कोणाशी तरी भांडत होती, आणि वर्षभरात तिचा चेहरा एवढा उजळलेला त्यांनी पाहिला नव्हता.

“आई,” ते दारातूनच म्हणाले. “आणखी काय म्हणतायत?”

आईनं मान तिरकी करून बराच वेळ ऐकलं. “म्हणतायत, भोक वाकडं गेलंय.” ती थांबली. “आणि म्हणतायत, पुट्टी मात्र चांगली भरलीयस.”

छोटे शेठ दाराला धरून उभे राहिले. मग त्यांनी आत येऊन दुसरी खुर्ची ओढली, आईच्या शेजारी बसले आणि डोळे पुसत तिच्या हातातला रिमोट घेतला.

“आई,” त्यांनी विचारलं, “याचा आवाज वाढवायचं बटण कुठलं?”